ॲम्ब्युलन्समध्ये मागे कोण बसतं?



या वीकांताला कोड, क्लायंट आणि अप्रेझल या तिन्ही विषयांना सुट्टी. आज ॲम्ब्युलन्सबद्दल लिहायचंय.

आपल्याकडची अपघाताची कुठलीही बातमी वाचा. रुग्णवाहिका किती वाजता आली हे त्यात असतं. उशिरा आली असेल तर मथळ्यातच असतं. नवीन गाड्या आल्या की झेंडा दाखवतानाचा फोटो असतो, मागे ओळीने उभ्या पांढऱ्या गाड्या, पुढे पांढरे शर्ट. त्या गाडीतून कोण उतरलं, त्याला काय येत होतं, दवाखान्यात पोचेपर्यंत त्याने नेमकं काय केलं, हे मात्र कुठेच नसतं. आपल्या डोक्यात ॲम्ब्युलन्स म्हणजे एक गाडी. जरा मोठी आणि सायरन असलेली, पण गाडीच. त्यामुळे आपण गाड्या मोजतो. माझं म्हणणं असं की मोजायची गोष्ट मागे बसलेली आहे, आणि नाशिककरांनी तरी ती लवकर मोजायला घ्यावी, कारण २०२७ चा सिंहस्थ दाराशी आलाय.

आधी थोडा इतिहास, त्यात आम्हा आयटीवाल्यांचाही हात आहे म्हणून. देशात १०८ हा नंबर सुरू झाला तो १५ ऑगस्ट २००५ ला, हैदराबादेत. सुरू करणारे सत्यमचे रामलिंग राजू. होय, तेच ते. सगळा मामला एखाद्या सपोर्ट प्रोजेक्टसारखा बसवलेला. फोन आला, तिकीट बनलं, जवळची गाडी असाइन झाली, एसएलएचं घड्याळ सुरू. पुढे जानेवारी २००९ मध्ये राजूंचं ते प्रसिद्ध पत्र आलं, सत्यम कोसळली, पण १०८ कोसळलं नाही. जीव्हीकेने ते पुढे चालवलं. (राजूंच्या खात्यावर जमेला काय मांडायचं असा प्रश्न आलाच, तर माझ्या मते हे एवढं मांडावं. असो.) त्या पद्धतीत गाडीत दोन माणसं असतात. एक पायलट, म्हणजे चालवणारा, आणि एक ईएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. बहुतेक सायन्स ग्रॅज्युएट मुलंमुली, काही आठवड्यांचं ट्रेनिंग दिलेली. डॉक्टर बसतो कॉल सेंटरमध्ये आणि फोनवरून सांगतो काय करायचं ते.

महाराष्ट्रात १०८ आलं जानेवारी २०१४ मध्ये. ९३७ गाड्या. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ बेसिक. चालवायला बीव्हीजी, कंट्रोल रूम पुण्यात औंधला. शहरात २० मिनिटांत आणि खेड्यात ३० मिनिटांत पोचायचं, हे उद्दिष्ट. २०११ च्या जनगणनेने भागलं तर साधारण १ लाख २० हजार माणसांमागे एक गाडी. पण खरा फरक गाड्यांच्या आकड्यात नव्हता. महाराष्ट्राने ठरवलं की टेक्निशियन नको, प्रत्येक गाडीत डॉक्टरच द्यायचा. आणि एवढे डॉक्टर आणायचे कुठून, तर बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस झालेल्यांमधून.

ऐकायला झकास वाटतं ना? 'इतर राज्यं टेक्निशियन पाठवतात, आम्ही डॉक्टर पाठवतो.' मलाही वाटायचं.

आमच्या हापिसात दरवर्षी सेफ्टी वीक नावाचा प्रकार असतो. त्यात फायर ड्रिल (म्हणजे सगळ्यांनी जिन्याने खाली जाऊन चहा पिणे) आणि एखादं पोस्टर. यंदा एचआरने दोन तासांचं सीपीआर ट्रेनिंग ठेवलं. शिकवायला आलेले डॉक्टर बीएएमएस. चार वर्षं ॲम्ब्युलन्सवर काढलेली, आता सिडकोत स्वतःचा दवाखाना. सोबत कमरेपर्यंतचा रबरी पुतळा. छातीच्या मधोमध, हात सरळ, निदान ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. ३० दाब, २ श्वास. ऐकायला सोपं. आमच्यातला रोज जिमला जाणारा कार्यकर्ता दीड मिनिटात ढेपाळला. डॉक्टर म्हणाले, ढेपाळणारच, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असा नियमच आहे. थकलेल्या माणसाचे दाब वरवरचे पडतात आणि ते त्याचं त्याला कळत नाही.

मग मी विचारलं, "डॉक्टर, ॲम्ब्युलन्समध्ये दोन माणसं, त्यातला एक गाडी चालवतोय. मग मागे बदलणार कोण?"

ते हसले. म्हणाले, "तेच तर! पेशंटचा भाऊ असला तर तो."

चहाच्या वेळी मी त्यांना पुन्हा गाठलं, आणि तो चहा तासभर चालला. त्या तासाभरात जे कळलं त्यातलं बरंचसं मला आजवर माहीत नव्हतं.

शिफ्ट सुरू झाली की आधी मागचा भाग तपासायचा. सक्शन मशीनची बॅटरी, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची एक्स्पायरी, लहान बाळाच्या मापाची अंबू बॅग जागेवर आहे का, स्पाइन बोर्डचे पट्टे, मानेच्या कॉलरची सगळी मापं, बाळंतपणाचा किट, इंजेक्शनचा ट्रे. आणि ऑक्सिजन. तो नुसता 'आहे' म्हणून चालत नाही, किती आहे ते बघावं लागतं. लहान बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात साधारण दीड हजार लिटर. पेशंटला मिनिटाला १० लिटर लावला तर १५० मिनिटं. आता सुरगाण्याहून नाशिक सुमारे ९० किलोमीटर, मधे घाट, पावसाळ्यात दोन-अडीच तास सहज. म्हणजे भरलेला सिलिंडरही शहराच्या वेशीवर संपायला आलेला असणार. अर्धा असेल तर वाटेतच कारभार आटोपला. हे गणित सकाळी आठ वाजता करायचं, पेशंट आत असताना करायचं नाही. आपल्याकडे डिप्लॉयमेंटच्या आधी चेकलिस्ट असते आणि आपण ती डोळे मिटून टिक करतो, तेवढाच काय तो फरक.

मग कॉल. सिनेमात दिसतात तसे अपघात हा कामाचा एक भाग झाला. बाकी बाळंतपणं, ताप, पोटदुखी, दमा, विषबाधा, आणि एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवणं. नाशिक जिल्हा म्हणजे काय चीज आहे हे ॲम्ब्युलन्सवाल्याला जेवढं माहीत असतं तेवढं कलेक्टरला तरी माहीत असेल का, शंका आहे. ओझर-पिंपळगावकडे द्राक्षं आणि फवारण्या, लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, वणीला चैत्रात खानदेशातून चालत येणारे भाविक, कसारा घाटात ट्रेलर, समृद्धीवर झोप लागलेला ड्रायव्हर, आणि पेठ-सुरगाण्याकडे असे पाडे की जिथे गाडी थांबते तिथून पुढे झोळी. पत्ता तर विचारूच नका. 'पाथर्डी फाट्याच्या पुढे, टाकीच्या मागे, तिथे येऊन कोणालाही विचारा.' रात्री दोन वाजता कोणाला विचारणार?

दवाखान्यात पोचल्यावर सुटका झाली असं नाही. पेशंट सोपवायचा, म्हणजे काय दिसलं, काय दिलं, किती वाजता दिलं, हे तोंडी सांगायचं आणि कागदावर लिहून द्यायचं. खाट मोकळी नसेल तर पेशंट तुमच्याच स्ट्रेचरवर, आणि स्ट्रेचर अडकलं म्हणजे गाडी अडकली. मग गाडी धुवायची, रक्त असेल तर हायपोक्लोराइटने. मग पुढचा कॉल. किंवा तीन तास काहीच नाही. नुसतं वाट बघत बसणं हाही कामाचाच भाग आहे, आणि डॉक्टरांच्या मते तोच जास्त थकवतो.

आता मुद्द्यावर येतो. सर्पदंशाची केस घ्या. भाताच्या लावणीच्या दिवसांत इगतपुरी, पेठ, हरसूलकडे नेहमीची. नाग किंवा मण्यार चावला तर विष नसांवर काम करतं, पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस मरतो तो श्वास थांबल्यामुळे. औषध दवाखान्यात, साधारण १० वायलपासून सुरुवात. तोवर कोणीतरी त्याच्यासाठी श्वास घेत राहिलं तर माणूस वाचू शकतो. हे 'श्वास घेणं' म्हणजे मास्क तोंडावर घट्ट दाबून बॅग पिळणं, दर सहा सेकंदांनी एकदा. तासाभराच्या प्रवासात ६०० वेळा. हे काम दोघांनी करावं असं शिकवतात. एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दुसऱ्याने बॅग पिळायची, कारण एका हाताने धरलेला मास्क कुठूनतरी गळतोच. आणि आपल्या गाडीत मागे एकच माणूस आहे. त्याची पदवी कुठलीही असो, हात दोनच. एमडी मेडिसिन बसवलात तरी दोनच.

हृदय बंद पडलेल्या पेशंटचं तर याहून अवघड. चालत्या गाडीत, ब्रेक आणि खड्डे सांभाळत, उभ्याने दिलेले दाब चांगले पडत नाहीत. म्हणून अशा वेळी जागेवरच थांबून, दोघांनी मिळून, पूर्ण ताकदीने सीपीआर करावं, असं आता शिकवलं जातं. रक्तस्राव होणारा अपघाती पेशंट असेल तर उलट, थांबायचं नाही, पट्टी दाबायची आणि पळायचं. कुठे थांबायचं आणि कुठे पळायचं हे ओळखणं हीच या कामातली खरी अक्कल. आणि लोक? लोकांना एकच माहीत असतं. "अहो डॉक्टर, इथे काय करत बसलाय, गाडी पळवा ना!" जमाव जमलेला असतो, कोणीतरी शूटिंग करत असतं. थांबून उपचार करणारा डॉक्टर त्यांना वेळ घालवणारा वाटतो, आणि उचलून पळणारा देवदूत. आपण सगळ्यांनी मिळून असं वातावरण केलंय की जिथे चुकीची गोष्ट करणं सुरक्षित आणि बरोबर गोष्ट करणं धोक्याचं.

म्हणजे जागेवर थांबून काम करायचं असेल तर दुसरे हात कोणाचे? पायलटचे. तो तिथेच असतो. बारा-बारा तास असतो. स्ट्रेचर उचलतो, सिलिंडर लावतो, सलाइनची बाटली धरतो, बाळंतपणात टॉर्च धरतो. आमच्या डॉक्टरांच्या शब्दांत, "पहिले सहा महिने मला पायलटदादानेच सांभाळलं. कुठल्या केसला कुठल्या दवाखान्यात न्यायचं, नातेवाइकांशी काय बोलायचं, सगळं त्याच्याकडून शिकलो." त्यांनी चार वर्षांनी नोकरी सोडली. दादा अजून तिथेच आहे, नव्या डॉक्टरला सांभाळतोय.

मला यात काहीतरी भयंकर उलटं दिसतं. ज्याला आपण कुशल मानतो तो येतो आणि जातो. ज्याच्याकडे अनुभव साठत जातो त्याला आपण ड्रायव्हर म्हणतो. कंपनीत असं असतं तर? दर दोन-तीन वर्षांनी आर्किटेक्ट बदलतोय, सिस्टिमची सगळी माहिती एका माणसाच्या डोक्यात, आणि त्या माणसाचं पद ऑफिस बॉय. आपण रिट्रोमध्ये बोंबाबोंब केली असती.

डॉक्टर जातात यात त्यांचा दोष अजिबात नाही. बीएएमएस झालेल्या मुलाने साडेपाच वर्षं शिकून ॲम्ब्युलन्सवर म्हातारं का व्हावं? तिथे पुढची पायरीच नाही. ज्युनियर, सीनियर, ट्रेनर, सुपरवायझर अशी शिडी असती तर काही थांबले असते. शिक्षणाची सोयच नव्हती असंही नाही. पुण्यात सिंबायोसिसने याच डॉक्टरांसाठी इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसचा पदव्युत्तर डिप्लोमा काढला आणि ते चांगलं काम आहे. पण डिप्लोमा घेऊन करायचं काय, तर तीच गाडी, नाहीतर खाजगी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीची रात्रपाळी. त्यामुळे ॲम्ब्युलन्स ही बहुतेकांसाठी वेटिंग रूम झाली. पीजीची तयारी होईपर्यंत, दवाखान्याचं डिपॉझिट जमेपर्यंत.

प्रत्येक गाडीत डॉक्टर देण्याच्या त्या निर्णयाची किंमत इथे आहे असं मला वाटतं. डॉक्टर दिला म्हणून टेक्निशियन घडवावा लागला नाही. घडवावा लागला नाही म्हणून महाराष्ट्रात पॅरामेडिक नावाचा पेशाच नीट उभा राहिला नाही. बारावी झालेल्या मुलाला 'मला पॅरामेडिक व्हायचंय' असं म्हणता येत नाही, कारण ते म्हणजे काय हे त्याच्या वडिलांनाही माहीत नाही आणि शाळेतल्या सरांनाही. इंग्लंडात पॅरामेडिक हे नाव कायद्याने राखीव आहे, रजिस्टरमध्ये नसलेल्याने ते लावलं तर गुन्हा. आपल्याकडे पॅथॉलॉजी लॅबमधल्या मुलापासून एक्स-रेवाल्यापर्यंत सगळेच पॅरामेडिकल. २०२१ मध्ये केंद्राने अलाइड हेल्थकेअरचा कायदा केला, त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हे नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. नाव कागदावर आलं, माणूस गाडीत यायचाय.

'ड्रायव्हरच्या हातात पेशंट द्यायचा का?' असं कोणीतरी म्हणणारच. त्यांच्यासाठी एक गोष्ट.

अमेरिकेत १९६० च्या दशकापर्यंत ॲम्ब्युलन्सचा कारभार आपल्यापेक्षा वेगळा नव्हता. बऱ्याच गावांत अंत्यविधीवाल्यांचीच गाडी पेशंटही न्यायची. शववाहिनी आणि रुग्णवाहिका एकच, आणि त्यामागचा हितसंबंधांचा घोळ तुम्हीच ओळखा. काही शहरांत पोलीस व्हॅन येई, पेशंट मागे टाकला की चलो. पिट्सबर्गमध्ये पीटर साफर नावाचे भूलतज्ज्ञ होते. आज आपण शिकतो त्या सीपीआरमागे ज्यांची डोकी आहेत त्यातलं एक मोठं डोकं. १९६७ मध्ये त्यांनी तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतली मुलं घेतली. काहींनी शाळाही पूर्ण केलेली नव्हती, बहुतेक बेकार. त्यांना सुमारे ३०० तासांचं ट्रेनिंग दिलं. शरीरशास्त्र, श्वासनलिका मोकळी ठेवणं, हृदयविकार, बाळंतपण, वर्गात आणि हॉस्पिटलात दोन्हीकडे. या सेवेचं नाव फ्रीडम हाउस. ज्यांना शहर 'नोकरीला लायक नाहीत' म्हणत होतं ती पोरं थोड्याच दिवसांत पोलिसांपेक्षा कितीतरी चांगलं काम करायला लागली. पुढे नॅन्सी कॅरोलाइन ही डॉक्टर त्यांच्यासोबत काम करायला आली आणि त्या अनुभवातून तिने पॅरामेडिकचा जो अभ्यासक्रम लिहिला तो अख्ख्या देशाला लागू झाला. फ्रीडम हाउसचा शेवट मात्र चांगला झाला नाही. १९७५ मध्ये महापालिकेने स्वतःची सेवा काढून ती बंद पाडली, आणि ज्यांनी हा पेशा घडवला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना नव्या सेवेत जागाच राहिली नाही. कारण? वर्ण, आणि कागदावरची पात्रता. आपल्याकडे वर्णाच्या जागी काय घालायचं ते सांगायची गरज नाही.

३०० तास म्हणजे किती? आठवड्याला सहा तास धरले तर एक वर्ष. आमच्या क्षेत्रात लोक क्लाउडचं सर्टिफिकेट मिळवायला एवढा वेळ घालवतात, आणि ते तीन वर्षांत एक्स्पायर होतं :) तसं सीपीआरचं सर्टिफिकेटही दोन वर्षांत संपतं, आणि सराव नसेल तर हात तीन-सहा महिन्यांतच विसरतात. म्हणजे ट्रेनिंग एकदा देऊन फोटो काढून भागत नाही. ते पगारासारखं चालू ठेवावं लागतं. टेंडरमध्ये गाड्यांचे, टायरचे, डिझेलचे कॉलम जसे असतात तसा हा एक कॉलम हवा.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. डॉक्टरला इंजेक्शन देता येतं, टेक्निशियनला कायद्याने बरंच काही करता येत नाही. सुरगाण्याच्या वाटेवर, फोनला रेंज नसताना, सोबत डॉक्टर असणं ही चैन नाहीच, गरज आहे. म्हणून डॉक्टर काढा असं मी म्हणत नाही. ॲडव्हान्स्ड गाड्यांवर डॉक्टर राहू देत, आणि शक्य तिथे मागे दुसरा माणूस द्या. बेसिक गाड्यांवर हळूहळू नीट शिकलेले ईएमटी आणा, फोनवर डॉक्टर ठेवा. आणि पायलटला शिकवा, परीक्षा घ्या, कागद द्या, त्या कागदाला पगारात जागा द्या. 'शिकवला की सोडून जाईल' हा आक्षेप मला हसू आणतो, कारण आमच्या कंपन्याही ट्रेनिंग बजेट कापताना हेच म्हणतात. न शिकवलेला माणूस थांबला तर काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

रस्ता देण्याबद्दल दोन ओळी, कारण ॲम्ब्युलन्सबद्दल लिहिलं आणि ते नाही लिहिलं तर लोक रागावतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांतून संरक्षण दिलं. तेव्हा द्वारका सर्कलला सायरन ऐकू आला की बाजूला व्हा, आणि रस्त्यावर कोणी पडलेला दिसला की थांबा. पुढे.

नाशिकसाठी हे सगळं तातडीचं का, ते सांगतो. २७ ऑगस्ट २००३. सिंहस्थाचं शाही स्नान, काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणारी ती अरुंद वाट, चेंगराचेंगरी. तीसहून जास्त भाविक गेले. तेव्हा १०८ देशातच नव्हतं. पण एक क्षण असं धरा की आजच्या सगळ्या गाड्या त्या दिवशी पंचवटीत उभ्या होत्या. काय झालं असतं? त्या गल्लीत गाडी शिरतच नाही. चेंगराचेंगरीत माणूस बहुतेक वेळा छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून मरतो. पहिल्या काही मिनिटांत कोणीतरी त्याला बाहेर ओढून, मान सांभाळून, श्वासमार्ग मोकळा करून बॅग लावावी लागते. ते करणारा माणूस पायी यावा लागतो, पाठीवर बॅग घेऊन, आणि एकटा आला तर पुरत नाही. पंचवटीच्या गल्लीबोळांत गाड्यांच्या आकड्याला काही अर्थ नाही. शिकलेले हात किती, एवढाच आकडा चालतो. २०२७ साठी रस्ते रुंद होतायत, पूल होतायत, घाट बांधले जातायत, त्याबद्दल रोज वाचतो. हातांबद्दल काहीच वाचायला मिळत नाही.

आणि गंमत बघा, ज्या विद्यापीठाने हे करायचं ते आपल्याच गावात आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, स्थापना १९९८, मुक्काम म्हसरूळ. राज्यातली बहुतेक मेडिकल, आयुर्वेद, होमिओपॅथी कॉलेजं त्याच्याखाली. गाडीतल्या डॉक्टरच्या पदवीवर बहुधा याच विद्यापीठाचा शिक्का असतो. प्रॅक्टिकलला सिव्हिल आहे, बिटको आहे, आडगावचं मेडिकल कॉलेज आहे. पायलटांसाठी ३०० तासांचा अभ्यासक्रम नाशिकमध्ये सुरू करायला नवीन इमारत लागत नाही, नवीन खुर्चीही लागत नाही. पहिली बॅच याच जिल्ह्यातल्या पायलटांची घ्या. म्हसरूळहून पंचवटी एकाच दिंडोरी रोडवर आहे.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती डॉक्टरांनीच सांगितली. बारा तास ड्यूटी करणारा माणूस वर्गात कधी बसणार? सुट्टीच्या दिवशी बोलावलंत तर पहिले दोन आठवडे येईल, मग घरचं कारण सांगेल, आणि त्याचं बरोबरच असेल. त्यामुळे वर्गाचे तास ड्यूटीत धरावे लागतील आणि त्या तासांपुरता गाडीवर बदली पायलट द्यावा लागेल. म्हणजे माणसं वाढवावी लागतील. शंभर पायलट आणि ३०० तास, म्हणजे ३० हजार तासांची बदली. हा आकडा मोठा वाटत असेल तर तो एका पुलाच्या खर्चाशेजारी ठेवून बघा.